खुर्च्यांखालचा गार वारा

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आपल्या एका काकांनी वर्ल्ड कपचं स्टेडियम बांधलं होतं ना? मला वर्गात सांगायचंय." मागे मोठा नव्या जर्सीत उड्या मारत होता. या वर्षी फुटबॉलचे सामने तुमच्याच देशात, अमेरिकेत आहेत, बाबाने तिकिटं काढली आहेत, आणि त्यासाठी तुमचं यंदाचं बडोद्याला येणं रद्द झालं आहे. मी "सांगते नंतर" म्हणाले आणि कुकर उतरवायचं निमित्त करून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

वर्गात सांगायचं असेल तर पुरतं माहीत असावं, म्हणून आजच लिहायला बसले. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा तुमच्यासाठी इंग्रजीत लिहिणं मला अवघड नव्हतं. पण ही माणसं जे बोलली ते मराठीत बोलली. इंग्रजीत ते उगाच सभ्य वाटलं असतं. तुम्हाला बाबा वाचून दाखवेल. वाचताना त्याने मधलं काही गाळू नये.

तुमचे हे काका म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचा मोठा मुलगा. तिला मी वन्सं म्हणते. तो मला मामी म्हणायचा. आम्ही हरणीला सोसायटीत राहायला आलो, वन्सं मात्र जुन्या शहरात, घडियाळी पोळेतच राहिल्या. पोळ म्हणजे इथली दाट वस्तीची जुनी गल्ली. त्यांचं सासर जुन्या संस्थानाच्या फौजेतलं. फौज गेली, जमीन गेली, घोडे तर त्याआधीच गेले. राहिली एक तलवार आणि तिच्यामुळे आलेला ताठा. वन्संना दोन मुलगे. थोरला, म्हणजे तुमचा हा काका, एसीचं डक्टिंग करायचा. मोठ्या इमारतीत ज्या चौकोनी पत्र्याच्या नळ्यांतून गार वारा फिरतो, त्या कापायच्या, जोडायच्या, छताला टांगायच्या. धाकट्याचा धंदा भाड्याने स्पीकर आणि पडदे देण्याचा. लग्न असो, गरबा असो, सामना असो, भिंतीएवढा उजळ पडदा आणि छाती हादरवणारा आवाज त्याच्याकडून मिळतो.

करजणच्या एका एजंटाने थोरल्याला आखातात नोकरी लावली. पोळेत आखातातल्या कुठल्याही गावाला दुबईच म्हणतात, म्हणून तो दुबईला गेला असंच सगळे म्हणत. तिथे वर्ल्ड कपसाठी स्टेडियम उभं राहत होतं. तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा मला त्याने ते ताटात पोळीचे तुकडे मांडून समजावलं होतं.

"मामी, उन्हाळ्यात बाहेर भट्टी असते. पण आत प्रेक्षकाला थंडी वाजली पाहिजे, असा हिशेब. प्रत्येक खुर्चीखाली जाळी. जाळीतून गार वारा थेट पायावर. तो वारा आम्ही नेतो."

"आणि नेताना तुम्ही कुठे असता?"

"खुर्च्यांच्या खाली, बोगद्यात. मशीन चालू झाल्यावर तिथे थंड होतं. पण मशीन चालू होतं तेव्हा आमचं काम संपलेलं असतं ना!" आणि तो मोठ्याने हसला होता.

पाण्याचं त्याने पुढे कधीतरी सांगितलं. पाणी असायचं, पण मुतारी लांब. जाऊन येईपर्यंत मुकादम नाव लिहून घ्यायचा. म्हणून माणसं पाणीच कमी प्यायची. सगळ्यांनी मिळून ही युक्ती काढली होती आणि ती छान चालली होती. लघवीचा रंग कोकमासारखा झाला, तर उष्णता वाढली म्हणून लिंबू चोखायचे. मग एके दिवशी तो त्या बोगद्यातच आडवा झाला. दवाखान्यात सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. कंपनीने विमानाचं तिकीट दिलं, स्पर्धेचं चित्र असलेली टोपी दिली आणि परत पाठवला. कागदावर कारण लिहिलं होतं, 'पूर्वीपासूनचा आजार'. हा मुलगा शाळेत असताना पोळेतल्या पैजा लावून एका दमात सुरसागर तलावाला फेरी मारून यायचा.

तो परत आला तेव्हा सामन्यांना अजून वर्ष होतं. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. डाव्या हातावर त्यासाठी शीर जोडली, ती दोरीसारखी वर आली. तिला हात लावला की आत मधमाशा असल्यासारखं घुमतं. आणि आता त्याला पाण्याची बंदी झाली. शरीरातून पाणी बाहेर पडत नाही, म्हणून आत जाऊ द्यायचं नाही. बायको एका छोट्या वाटीत दिवसाचं पाणी मोजून ठेवायची. तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा. ज्याला तिकडे पाणी प्यायची सोय नव्हती, त्याला इकडे ते प्यायची परवानगी राहिली नाही.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: घरच्या कोणी किडनी दिली तर हा माणूस जगेल, नाहीतर फार काळ नाही. घरचं म्हणजे कायद्याने जवळचं माणूस. वन्संचे यजमान पूर्वीच गेलेले; वन्संना मधुमेह, त्यांचा प्रश्न नव्हता. मुलगी चौथीत. बायको त्याच दिवशी तपासायला उभी राहिली. तिचा रक्तगट जुळला नाही. ती रडत घरी आली, तर वन्सं ओट्यावर गवार निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पत्रिका जुळवून आणली होती. रक्त कोणी विचारलं होतं का? एवढं एक काम होतं, तेही नाही जमलं."

मी तिथे होते. मी म्हटलं, "वन्सं, तोंड आवरा."

"तुम्ही शिकलेल्या, वहिनी. तुम्ही आवरा. आमच्याकडे आवरण्यासारखं उरलंय काय?"

मग धाकट्याची तपासणी झाली. सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावांत सुद्धा इतकं चांगलं जुळत नाही. धाकट्याने पेढे वाटले. खरंच वाटले. पोळेत घरोघर देऊन आला, "भाईला किडनी देतोय." लोकांनी त्याचे फोटो काढले. समोरच्या दुकानवाल्या काकांनी त्याला मिठी मारली, "वाह दीकरा, राम-लक्ष्मण!" थोरल्या सुनेने तुळशीपुढे दिवा लावला. तारीख दसऱ्यानंतरची ठरली.

आता त्या घराची रीत सांगते. नवमीला तलवारीची पूजा होते. घरचा कर्ता मुलगा सोवळ्याने पाटावर बसतो, तलवार धुतो, हळदकुंकू लावतो आणि तिने कोहळा कापतो. पूर्वी बोकड असायचा, आता कोहळा. पूजेला बसणारा अव्यंग हवा. म्हणजे त्याच्या देहात काही उणं नको, बोट तुटलेलं नको, अवयव गेलेला नको. फौजेच्या काळात, लढाईत हात गमावलेल्या माणसाचा सुद्धा हा मान काढून त्याच्या भावाला देत. मला लग्नानंतर हे कळलं तेव्हाच मी तुमच्या आजोबांना म्हटलं होतं, ज्यासाठी हात गेला तोच मान काढून घ्यायचा, ही कुठली रीत? ते म्हणाले, माझ्या बहिणीच्या सासरची आहे, आपली नाही, गप्प बस.

त्या नवमीला थोरला धोतर नेसून आला. इतकी वर्षं तोच बसायचा, आखातातून सुट्टीसुद्धा नवमी धरून घ्यायचा. पाटाजवळ गेला तर वन्संनी काठी आडवी धरली.

"तू नाही. हाताला भोकं आहेत तुझ्या."

खोलीत आम्ही पंधरा-वीस माणसं होतो.  तो क्षणभर त्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे, आई," आणि बाजूला झाला. वन्संनी धाकट्याला हाक मारली. तो आधीच आंघोळ करून, गंध लावून जिन्यात उभा होता. म्हणजे हे त्याला आदल्या दिवसापासून माहीत होतं.

त्याने पूजा केली. कोहळा एका घावात कापला. लोकांनी जयजयकार केला. आणि तो उठायच्या आत वन्संनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आता शस्त्राला हा बसला. ह्याच्या अंगाला सुरी लागायची नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला. थोरल्या सुनेला लगेच समजलं. तिच्या हातात प्रसादाचं ताट होतं. ते तिने खाली ठेवलं, आपटलं नाही, नीट ठेवलं, आणि विचारलं, "म्हणजे ऑपरेशन?"

"दुसरा कोणी शोधा."

"दुसरा कोण आहे, आई?"

"माझे दोन मुलगे आहेत. एक मोडलाय. दुसरा मोडून पहिला जुळत असेल तर मला नकोय तो हिशेब."

मी बोलले. मी वन्संना म्हटलं की एक किडनी दिल्याने माणूस मोडत नाही, चांगला जगतो, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. मी म्हटलं की तलवार लोखंडाची आहे, तिला काही कळत नाही. तेव्हा मला थांबवलं ते थोरल्याने. तो म्हणाला, "मामी, राहू दे. घरात एक तरी धड पाहिजे ना." तो रागाने बोलत नव्हता. त्याला ते पटलेलं होतं. त्या रीतीवर त्याचा आईइतकाच विश्वास होता. मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त राग त्याचा आला.

धाकट्याने मात्र 'नाही' असं एकदाही म्हटलं नाही. हे नीट लक्षात ठेवा. दसऱ्यानंतर मी त्याच्या दुकानात गेले. तो पडद्यांच्या तारा गुंडाळत होता.

"मामी, मी तयारच आहे. आईला समजावतो हळूहळू. पण आत्ता सीझन आहे. मॅचेस येतायत. सोसायट्या, क्लब, हॉटेल, सगळ्यांना पडदा पाहिजे. ऑपरेशन झालं तर वजन उचलता येत नाही, माहिती आहे ना? मॅचेस संपू देत."

"तोवर तो टिकेल का?"

"मशीन आहे ना! मशीनवर लोक दहा-दहा वर्षं काढतात. तुम्ही टीचर लोक फार टेन्शन घेता." मग मान तिरकी करून म्हणाला, "आणि तुमचा मुलगा आहे की अमेरिकेत. मामेभाऊ ना भाईचा? त्याला सांगा, एक पाठवून दे."

"कायद्यात बसत नाही. मी विचारलंय."

"वा! म्हणजे तुमच्या बाजूला कायदा आणि माझ्या बाजूला देव. भाईच्या बाजूला कोणीच नाही, बिच्चारा." आणि हसला. मी उठून आले. बाबा, हे वाचताना तू थांबला असशील तर पुढे वाच. तेव्हा तू मला फोनवर म्हणाला होतास, "आई, बरं झालं कायदा आहे." ते मी कोणाला सांगितलेलं नाही, पण विसरलेलेही नाही.

सामने सुरू झाले. धाकट्याने पोळेच्या चौकात स्वतःचा पडदा फुकट लावला. पहिल्यांदा मला वाटलं, लाज वाटली असेल. एका संध्याकाळी वन्संकडे गेले तर चौकात गर्दी, सेव-उसळीची गाडी, खुर्च्यांच्या रांगा. पडद्यावर हिरवंगार मैदान. आणि नेमकं तेच स्टेडियम, काकाचं. धाकट्याने माइक घेतला.

"भाईयों और बहनों, हे जे स्टेडियम दिसतंय ना, ते माझ्या मोठ्या भाईने बांधलंय! आपल्या पोळेचा माणूस! जोरदार टाळ्या!"

थोरल्याला दोघांनी दंडाला धरून पुढे आणलं. त्याच्या डोक्यावर ती कंपनीची टोपी घातली. मुलांनी त्याच्याबरोबर सेल्फी काढले. तोवर पोळेत त्याचं नाव 'वर्ल्ड कप' पडलंच होतं. "ए वर्ल्ड कप, आज कोण जीतशे?" "वर्ल्ड कप, मशीनवर जाऊन आलास का?" तो हसायचा. त्या दिवशीही हसला. सुजलेल्या चेहऱ्याने पडद्याकडे बोट दाखवून त्याने लोकांना सांगितलं, "त्या निळ्या खुर्च्या बघा, त्यांच्या खाली जाळ्या आहेत. ती बाई बघा, शाल घेऊन बसलीय. थंडी वाजतेय तिला." लोक हसले. तोही हसला, आणि एवढं बोलून धापा टाकत खाली बसला.

माझ्या शेजारी एक बाई त्याच्या बायकोला म्हणाली, "नशीबवान हो तुम्ही, टीव्हीवर दिसतं नवऱ्याचं काम." बायको म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं काम खुर्च्यांच्या खाली आहे. ते दिसत नाही."

मग कोणीतरी त्याच्या हातात कोल्ड्रिंकची गार बाटली दिली. "प्या दादा, आज तुमचा दिवस!" त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नको म्हणून मान हलवली. सगळी गर्दी "प्या, प्या" ओरडत होती. धाकटा माइकवरून ओरडत होता. त्याने बाटली तोंडाला लावली आणि पूर्ण संपवली. नंतर मला म्हणाला, "मामी, वर्षभरात असं काही प्यायलो नव्हतो." दुसऱ्या दिवशी पाणी फुप्फुसात भरलं. उभ्याउभ्या मशीनवर न्यावं लागलं. तेव्हा तो वाचला.

अंतिम सामना झाला. चौकात फटाके फुटले. मी मोजून दोन दिवस थांबले आणि धाकट्याला फोन केला.

"मामी, उत्तरायण तोंडावर आहे. गच्चीगच्चीवर स्पीकर पाहिजेत. ते होऊ दे."

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झालं. पतंग उडाले, गच्च्यांवर तीच कर्कश गाणी वाजली. थोरला घरात उशीला टेकून बसला होता. कारण आता त्याला आडवं झालं की दम लागायचा. मी विचारलं, "भावाला तू स्वतः का नाही सांगत?"

"काय सांगू? आईचं ऐकू नकोस?"

"हो."

"मग पुढच्या नवमीला शस्त्राला कोण बसेल?"

 त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "ऐकलंत ना, मामी? मी ह्यांच्यासाठी ह्यांच्याशीच भांडतेय." मेलेल्या दात्याची किडनी मिळते त्या यादीत तिनेच त्याचं नाव घातलं होतं, दर आठवड्याला तीच फोन करायची. दर आठवड्याला तिला सांगत, वाट बघा.

उत्तरायणानंतर लग्नसराई आली. धाकट्याने तेव्हाही नाही म्हटलं नाही. होळीच्या आधी, एका दुपारी, मशीनवरच काकाचं हृदय थांबलं. धाकटा तेव्हा एका लग्नाच्या हॉलवर पडदा टांगत होता. तो आला, रडला, भिंतीवर डोकं आपटून घेतलं. चितेला अग्नी त्याने दिला. वन्सं रडल्या नाहीत. त्या सुनेला म्हणाल्या, "तुझ्या हट्टाने त्याला दवाखान्यात नेऊन नेऊन मारलंस."  तेराव्यानंतर मुलीला घेऊन ती माहेरी न जाता आमच्याच सोसायटीच्या मागे एका खोलीत राहायला आली. वन्संनी भांडी दिली नाहीत. मी दिली.

तुम्ही म्हणाल, आजी, यात फुटबॉलचा काय दोष? तो चेंडू बिचारा काय करणार. पण तुम्ही ज्या खुर्चीवर बसाल तिच्याखाली कोण वाकलं होतं, हे तिकिटावर छापत नाहीत. महिनाभराचा खेळ असतो. त्याच्यासाठी कुठल्यातरी पोळेतून, गावातून माणूस मागवतात, वापरतात आणि टोपी देऊन परत पाठवतात. तो परत येतो ते आमच्यासारख्यांच्या घरात. आणि आमच्या घरांत काय असतं, ते वर लिहिलंच आहे. उरलेलं काम आम्ही पुरं करतो. परक्यांनी त्याच्या किडन्या घेतल्या, जीव मात्र आपल्या माणसांनी घेतला, पूजा करून. त्याने सांगितलं होतं की स्पर्धा संपल्यावर त्या स्टेडियमच्या वरच्या रांगा काढून टाकणार आहेत. काढल्या की नाही, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

सामना बघायला जा. मी जाऊ नका म्हणत नाही. तिकिटं वाया घालवणं मला आवडत नाही. वर्गात सांगायचं असेल तर मात्र हे सगळं सांगा, नाहीतर काही सांगू नका.

आता इथे काय राहिलंय ते लिहिते आणि संपवते. वन्सं आहेत, मधुमेह ताब्यात आहे. काकाची बायको एका शाळेच्या ऑफिसात काम करते. मुलगी सातवीत गेली, तिला मी इंग्रजी शिकवते. धाकटा आहे, त्याने यंदा आणखी मोठा पडदा घेतला आहे. त्याच्या दोन्ही किडन्या व्यवस्थित चालू आहेत.